ट्रिप युनिट (सर्किट ब्रेकरचे)

ब्रेकरमधून जाणाऱ्या प्रवाहावर लक्ष ठेवून तो कधी तोडायचा हे ठरवणारा भाग. कमी दाबाच्या ब्रेकरमध्ये त्याचे थर्मल-मॅग्नेटिक आणि इलेक्ट्रॉनिक असे दोन मुख्य प्रकार आढळतात.

थर्मल-मॅग्नेटिक युनिटात जादा भार बराच वेळ राहिला, की दोन धातूंची जोडपट्टी तापून वाकते आणि खटका सोडते. शॉर्टसर्किट झाले तर कॉइलचे चुंबकत्व तोच खटका क्षणात ओढते. मानहाइमच्या ह्यूगो श्टोट्झ यांच्या कंपनीने १९२४ मध्ये अशा छोट्या ब्रेकरचे पेटंट घेतले. घरोघरची एमसीबी त्याच वंशातली. पट्टी बाहेरच्या उष्णतेनेही वाकते. एमसीबीचे आकडे ३० अंश सेल्सिअसला ठरवलेले असल्याने उन्हात तापलेल्या पत्र्याच्या पेटीत ती लवकर पडते आणि वायरमन नसलेला फॉल्ट शोधत बसतो.

इलेक्ट्रॉनिक युनिटात करंट ट्रान्सफॉर्मर प्रवाह मोजतो आणि मायक्रोप्रोसेसर निर्णय घेतो. भोवतालच्या तापमानाचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. किती प्रवाहाला आणि किती वेळाने पडायचे हे डायलवर ठरवता येते, म्हणून फॉल्टजवळचा ब्रेकर आधी पडून बाकीचा पुरवठा चालू राहू शकतो. किंमत मात्र बरीच जास्त, आणि सेटिंग चुकले तर सगळा फायदा वाया जातो.

मोखाडा तालुक्यातल्या पोशेऱ्यासारख्या, पाड्यापाड्यांत विखुरलेल्या गावात खरा प्रश्न लाइनच्या लांबीचा असतो. डीपीपासून, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून, दूरच्या घरापर्यंत जाऊन-येऊन तारेचा रोध २ ओहम धरला, तर २३० व्होल्टला शॉर्टसर्किटचा प्रवाह जेमतेम ११५ अँपिअर होतो. १६ अँपिअरची सी-प्रकारची एमसीबी तत्काळ पडेल याची हमी १६० अँपिअरलाच मिळते. तोवर सगळी भिस्त तापणाऱ्या पट्टीवर, आणि तिला काही सेकंद लागतात. तेवढ्यात तार तापते, जोड जळतात. बी-प्रकारची एमसीबी ८० अँपिअरलाच पडते. १०० केव्हीएच्या डीपीवर, जिथे पूर्ण भार सुमारे १३३ अँपिअर असतो, तिथे इलेक्ट्रॉनिक युनिटची पातळी खाली आणता येते. खर्च करायचा तर तिथे. घरासाठी थर्मल-मॅग्नेटिकच योग्य.

साधी एमसीबी माणसाला शॉकपासून वाचवत नाही. त्यासाठी गळतीचा प्रवाह ओळखून तोडणारी ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी वेगळी बसवावी लागते. घरात ती नसेल तर आधी ती घ्यावी.