वातरोधक, मायक्रोफोनचे

वातरोधक, मायक्रोफोनचे : उघड्यावर ध्वनिमुद्रण करताना वाऱ्यामुळे उत्पन्न होणारा गोंगाट कमी करण्यासाठी मायक्रोफोनवर बसविण्यात येणारे आवरण. स्पंजासारख्या फोमची टोपी, तसेच पोकळ जाळीदार सांगाडा व त्यावर चढविलेले लांब केसांचे कृत्रिम फरचे आच्छादन, हे त्याचे प्रचलित प्रकार होत.

एक मी. अंतरावरील सर्वसाधारण संभाषणाचा ध्वनिदाब सु. ०·०२ पास्काल असतो. ताशी १८ किमी. वेगाच्या, म्हणजे केवळ मंद अशा वाऱ्याचा गतिज दाब मात्र सु. १५ पास्काल, म्हणजे सु. ७५० पट भरतो. त्यात संक्षोभामुळे होणारे अल्पसे चढउतारही बोलणे बुडवून टाकण्यास पुरतात. हा गोंगाट मुख्यतः नीच कंप्रतांचा असल्याने तो नंतर गाळून टाकता येईल, असे वाटते. परंतु विवर्धकाची मर्यादा एकदा ओलांडली गेली, की मूळ आवाजच विकृत होतो व तो परत मिळविता येत नाही. म्हणून वाऱ्याचा बंदोबस्त मायक्रोफोनपाशीच करावा लागतो.

बोलपटांच्या आरंभकाळी बहुतेक मुद्रण बंदिस्त कलागृहांत होत असल्याने हा प्रश्न फारसा जाणवला नाही. इन ओल्ड ॲरिझोना (१९२८) या बोलपटासाठी मायक्रोफोन उघड्या रानात नेले गेले आणि वारा ही ध्वनिमुद्रकाची नित्याची अडचण बनली. १९३८ मध्ये आरसीए रिव्ह्यू या नियतकालिकात फेल्प्स यांचा वातरोधनावरील लेख प्रसिद्ध झाला. गोंगाट आवरणामागे उठणाऱ्या भोवऱ्यांमुळे होतो, अशी समजूत त्यानंतरही बराच काळ टिकून होती. उघड्यावर त्याचे प्रमुख कारण वाऱ्यातील अंगभूत संक्षोभ होय, हे मॉर्गन व रॅस्पेट यांनी १९९२ मध्ये दाखविले. आवरण जितके मोठे, तितके त्याच्या पृष्ठभागावरील कमीअधिक दाब परस्परांना निष्फळ करतात. इवल्याशा टोपीचा जोरदार वाऱ्यात फारसा उपयोग होत नाही, तो यामुळेच.

फरचे केस वाऱ्याचा वेग टप्प्याटप्प्याने मोडतात व सांगाड्यातील हवा जवळजवळ स्थिर राहते; ध्वनितरंग मात्र फारसे क्षीण न होता आत पोहोचतात. इंग्लंडमधील रायकोट या १९६९ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेची अशी आवरणे विशेष प्रसिद्ध असून त्यांच्या अभिकल्पाबद्दल व्हिव्हिएन डायर व ख्रिस वुल्फ यांना १९९९ मध्ये ऑस्कर अकादमीचे तांत्रिक पारितोषिक मिळाले. इंग्रजी भाषिक ध्वनिमुद्रकांनी या केसाळ आवरणास ‘मेलेले मांजर’ असे विनोदी नाव दिले आहे. केस भिजून चिकटल्यास उच्च कंप्रता दबतात. म्हणून ते वाळवून विंचरावे लागतात.