शिउली, खंदक आणि बर्गी

कलकत्त्यास स्थायिक झालेल्या मराठी माणसाला खरी सवड लाभते ती दिवाळीत नव्हे, दुर्गापूजेत. षष्ठीपासून दशमीपर्यंत कचेऱ्या बंद असतात, रस्ते मंडपांच्या स्वाधीन होतात, आणि गर्दीची हौस नसलेल्या आमच्यासारख्यांना बाग व पुस्तके एवढीच उरतात. याच दिवसांत पहाटे प्राजक्ताचा सडा पडतो. येथे त्याला शिउली म्हणतात. निशिगंधाला रजनीगंधा, अनंताला गंधराज, शेवंतीला चंद्रमल्लिका ही नावे आपल्या मंडळींच्या जिभेवर केव्हाच रुळली. मात्र मुळात आपलाच असलेला एक शब्द बंगाल्यांच्या तोंडून ऐकताना आपण अजून चपापतो. तो शब्द म्हणजे ‘बर्गी’. गेल्या पूजेचा आठवडा आम्ही त्या शब्दाच्या मागावर घालविला.

हा शब्द आमच्या घरात शिरला तो युद्धकाळात. आमचे आजोबा बंगाल-नागपूर रेल्वेच्या नोकरीत होते व भवानीपुरात एका बंगाली कुटुंबाच्या शेजारी राहत. ८ मार्च १९४२ रोजी रंगून पडले आणि ब्रह्मदेशातून आलेल्या निर्वासितांच्या हकिगती कानी येऊ लागल्या. उद्यानांतून व मैदानातून खंदक खणले गेले. दोन्ही घरांनी मिळून सामाईक बागेतही एक खणला, तो नेमका शेवंतीच्या वाफ्यातून, कारण जमीन तेथेच भुसभुशीत होती. २० डिसेंबरच्या रात्री शहरावर पहिला जपानी हवाई हल्ला झाला. आमच्या आत्याबाई तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या. त्या सांगत की, भोंगा वाजताच सगळी माणसे त्या ओल्या चरात उतरली, आमचे तान्हे काका रडू लागले, आणि शेजारच्या ठाकुरमांनी त्यांना मांडीवर घेऊन एक अंगाईगीत म्हटले. मूल झोपले. ते गीत बर्गी देशात आल्याचे भय घालणारे होते, हे आत्याबाईंना पुष्कळ वर्षांनी कळले. डोक्यावर जपानी विमाने, आणि मराठी बाळाला निजविण्यासाठी मराठ्यांचा धाक! ठाकुरमांना त्यात काही वावगे वाटले नसावे. आमच्या आजीला बंगाली येत नव्हते, हेही बरेच झाले.

बर्गी म्हणजे आपला बारगीर. ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार. ज्याला घोडा व हत्यार सरकारातून मिळे तो बारगीर. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर १७४२ च्या वसंतात बर्दवानच्या बाजूने बंगालमध्ये उतरले. मुर्शिदाबादेस जगत्शेठांची पेढी लुटली गेली, गंगेच्या पश्चिमेकडील मुलूख मराठ्यांच्या हाती आला, आणि भास्करपंतांनी काटव्यास छावणी घातली. त्या शरदात त्यांनी तेथे दुर्गापूजा मांडली. पण नवमीस अलिवर्दीखानाने अकस्मात छापा घातल्याने ती अर्ध्यावर सोडून त्यांना निघावे लागले. पुढल्या वर्षी अलिवर्दीने पेशव्यांना बावीस लाख रुपये देऊन रघूजींनाच बाहेर काढविले. मराठ्यांनी मराठ्यांना हुसकावण्याचे मोल बंगालच्या रयतेने भरावे, या प्रकाराला काय म्हणावे? ३१ मार्च १७४४ रोजी मानकऱ्यास भेटीच्या मिषाने बोलावून भास्करपंत व त्यांच्या सरदारांना ठार करण्यात आले. त्यानंतरही स्वाऱ्या चालूच राहिल्या आणि १७५१ च्या तहाने बंगालच्या चौथाईचे सालिना बारा लाख व ओरिसाचा मुलूख भोसल्यांकडे आला.

आपल्या पुस्तकांतून आम्ही जे शिकलो त्यात मानकऱ्याचा दगा ठळक आहे, चौथाईचा हक्क ठळक आहे. बर्दवानच्या शेतकऱ्याचे काय झाले, हे पाहण्यासाठी मात्र बंगाली ग्रंथ उघडावा लागतो. गंगाराम नावाच्या कवीचे ‘महाराष्ट्र पुराण’ हे त्यांपैकी मुख्य. त्याच्या हस्तलिखितावर बंगाली सन ११५८, म्हणजे इसवी सन १७५१, असा काळ आहे. एडवर्ड डिमॉक व प्रतुलचंद्र गुप्त यांनी १९६५ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. सप्तमीपासून आम्ही मूळ व भाषांतर शेजारी ठेवून वाचीत होतो.

काव्याचा आरंभ आम्हाला अनपेक्षित होता. पृथ्वीला पापाचा भार होतो, शंकर नंदीला शाहूराजांकडे धाडतात, आणि मराठे बंगालवर येतात ते देवाच्याच प्रेरणेने. म्हणजे कवी आपल्याला प्रथम दुष्ट ठरवीत नाही. परंतु हे सैन्य ब्राह्मण-वैष्णवांची हत्या आणि स्त्रियांवर अत्याचार करू लागते तेव्हा देवीची कृपा सरते, व भास्करपंतांचा अंत तिच्याच इच्छेने होतो. मध्येच पळणाऱ्या लोकांचे एक लांबलचक वर्णन आहे. पंडित पोथ्यांचे भारे घेऊन, सोनार ताजवा व वजने घेऊन, कुंभार चाक घेऊन, कोळी जाळी घेऊन निघतात. बर्दवान दरबारच्या बाणेश्वर विद्यालंकारांनीही ‘चित्रचंपू’ या संस्कृत ग्रंथात या स्वाऱ्यांची दहशत वर्णिली आहे. पण तिथे विद्वत्ता दिसते, गंगारामात माणसे दिसतात.

कलकत्त्यातही तेव्हा भय पसरले होते. रहिवाशांनी पैसा उभारून १७४२ मध्ये शहराभोवती खंदक खणण्यास घेतला. सात मैलांचा बेत होता, सुमारे तीन मैल झाला. मराठे काही आले नाहीत आणि काम तसेच पडले. १७९९ मध्ये त्याचा बराचसा भाग बुजवून सर्क्युलर रोड झाला. बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ ही गल्ली आजही आहे.

ते अंगाईगीतही आम्ही त्या आठवड्यात नीट समजून घेतले. त्यातील आईची चिंता केवळ घोडेस्वाराची नाही, सारा कशाने भरायचा याचीही आहे. स्वार नेई, आणि त्याला द्यायचे म्हणून नबाबही नेई. १९४२-४३ मध्ये जपानी सैन्य बंगालमध्ये उतरले नाही. पण ते उतरेल या धास्तीने सरकारनेच किनारपट्टीतील नावा व तांदूळ काढून नेला. १६ ऑक्टोबर १९४२ रोजी, पूजेच्याच दिवसांत, मेदिनीपुरावर वादळ कोसळले. पुढल्या वर्षी दुष्काळाने मेलेल्यांचा सरकारी चौकशी समितीचा अंदाज पंधरा लाखांचा होता. पुढील अभ्यासकांनी तो तीस लाखांपर्यंत नेला. भवानीपुरातील दारांवर येणारे लोक भात मागत नसत, भाताची पेज मागत, ही आत्याबाईंची आठवण आहे. त्या हे सांगताना मध्येच उठून जात.

पेजेची ही आठवण १९४३ च्या उत्तरार्धातली, कारण तत्पूर्वी त्या येथे नव्हत्याच. पहिल्या बॉम्बहल्ल्याच्या आठवड्यातच आजोबांनी बायकामुलांना नागपुरास, म्हणजे भोसल्यांच्याच राजधानीत, पाठविले. हावड्याच्या गर्दीत आजीच्या हाती ज्ञानेश्वरी, पितळी स्टोव्ह आणि खंदकाशेजारून उपटलेले निशिगंधाचे कंद भरलेला बिस्किटांचा डबा होता. ठाकुरमा फाटकापर्यंत आल्या व त्यांनी वाटेसाठी मुढीची पुरचुंडी दिली. सहा-सात महिन्यांनी सर्वजण परतले तेव्हा खंदकात पाणी साचून बेडूक झाले होते. तो पुढे बुजविला तरी ती जागा दर पावसाळ्यात थोडी खचे, आणि आजोबा तेथे दर वर्षी माती टाकीत.