कथिलाची खाण आणि ऋषींचे पुतळे

थायलंडमधल्या एखाद्या महागड्या रिसॉर्टचं माहितीपत्रक उघडलं, की 'हजारो वर्षांची पौर्वात्य उपचारपरंपरा' हे शब्द हटकून सापडतात. परंपरा खोटी नाही. पण ती आज ज्या रूपात विकली जाते, ते रूप जेमतेम तीस वर्षांचं आहे. ते कसं घडलं, ते आज पाहू.

सुरुवात बँकॉकच्या वाट फो विहारापासून करू. तिसऱ्या रामा राजाने १८३० च्या दशकात त्याचा जीर्णोद्धार केला, तेव्हा वैद्यकाचं ज्ञान शिलांवर कोरून भिंतींत बसवलं. त्यात मसाजच्या ६० आकृत्या आहेत: अंगावर रेघा, रेघांवर दाबायच्या जागा. रेघांची नावं ऐका. इथा, पिंगखला, सुमना. म्हणजे आपल्या इडा, पिंगळा, सुषुम्नाच की! ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायामुळे ही नावं आपल्या ओळखीची आहेत. आवारात ऋषींचे पुतळेही बसवले; हातपाय ताणून आपलं दुखणं आपणच घालवणारे. ते जस्त आणि कथील यांचे ओतले होते. कथील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

थाई लोक या विद्येचा आद्यगुरू मानतात तो जीवक, बुद्धाचा वैद्य. विनयपिटकात त्याच्या कथा आहेत. त्यांत शस्त्रक्रिया आहे, औषधी तूप आहे. मसाज मात्र नाही. गुरुपरंपरा अशा मागाहूनही जोडल्या जातात.

मग वाईट दिवस आले. १९२३ च्या कायद्याने वैद्यकीला नोंदणी लागू झाली आणि गावोगावचे पारंपरिक वैद्य अडचणीत आले. व्हिएतनाम युद्धात अमेरिकन सैनिक सुट्टीवर येऊ लागले, तसा 'मसाज पार्लर'ला भलताच अर्थ चिकटला. हातात खरी विद्या असलेल्या बाईलाही धंदा सांगायची चोरी झाली. वाट फोमध्ये १९५५ पासून शाळा चालू होती, तिने ही विद्या धरून ठेवली.

आता फुकेत. हे बेट कथिलावर जगलं. १९८५ मध्ये कथिलाचा भाव कोसळला. त्याच सुमारास बांग ताओ किनाऱ्याजवळची, खाणींनी पोखरलेली जमीन सिंगापूरच्या हो क्वोन पिंग यांच्या कुटुंबाने घेतली होती. माती सुधारली, झाडं लावली, हॉटेलं उभी राहिली. एक तुकडा उरला, त्याला समुद्रकिनारा नव्हता. मग प्रत्येक व्हिलाला स्वतःचा तलाव दिला आणि बागेत स्पा काढला. हेच १९९४ चं बनयन ट्री. युरोपातल्या स्पामध्ये खनिज पाण्याचे झरे असत, डॉक्टर असत. इथे उघडा मंडप, तेल आणि माणसाचे हात. आम्हाला वाटतं, यात सौंदर्यदृष्टी जितकी होती तितकाच हिशोबही होता: यंत्रं महाग, हात स्वस्त. पण त्याच हिशोबातून त्या बाईला पुन्हा उजळ माथ्याने पगार मिळू लागला, हेही खरंच.

२०१९ मध्ये युनेस्कोने 'नुआद थाई'ला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. त्या नोंदीत राजा नाही, रिसॉर्टही नाही. पूर्वी गावागावात मसाज करणारं माणूस असे आणि शेतात राबून अंग आखडलं की लोक त्याच्याकडे जात, असं तिथे लिहिलंय.