खाड्या मोजून आखलेली वाट

नाताळच्या सुटीत किनाऱ्याकिनाऱ्याने चौल ते दाभोळ मोटारीने जायचे आमच्या घरी ठरले आहे. आखणी माझ्याकडे आली, तेव्हा मी मैल सोडून खाड्या मोजल्या. पहिला मुक्काम मुरूडला. दुसऱ्या दिवशी आगरदांड्याहून मोटारीसकट फेरीबोटीने दिघी, रात्री हरिहरेश्वर. तिसऱ्या दिवशी बागमांडल्याहून पलीकडे वेसवी, मग दापोली. चौथा दिवस सारा दाभोळचा!

"वाळू सोडून दाभोळ कशाला?" मुले कुरकुरतात.

पूर्वी ही वाट पाण्यावरची होती. माल खाडीने आत शिरे आणि घाट चढे. म्हणून नांदती बंदरे खाडीच्या तोंडाशी. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी विकायला घोडा घेऊन चौलला उतरला, जुन्नर-बिदर हिंडला नि दाभोळहून गलबताने परतला. (घोड्याने त्याला फार मनस्ताप दिला, ते निराळे.)

मग १५०८ साल उजाडले. मार्चमध्ये चौलच्या खाडीत इजिप्त आणि गुजरातच्या आरमारांनी पोर्तुगीजांना गाठले. व्हाइसरॉय आल्मेडाचा तरणाबांड मुलगा लोरेन्सू तिथे पडला. बाप सूडाला निघाला. शत्रू होता दीवला. वाटेत लागले विजापूरकरांचे दाभोळ. डिसेंबरअखेर त्याने ते जाळले. बायकापोरांनाही सोडले नाही. मुलगा मारला होता तो काही दाभोळकरांनी नव्हे!

ते गाव वाशिष्ठीच्या मुखाशी आजही आहे. तिथल्या धक्क्यावर मुलांना हे सांगायचे, आणि मग फेरीबोटीने धोपावे गाठून गुहागर. तिथे वाळू हवी तेवढी.