नॅरोगेज रेल्वे प्रतिकृतींची बांधणी

नॅरोगेज रेल्वे प्रतिकृतींची बांधणी म्हणजे अरुंद रुळांवरून धावणाऱ्या रेल्वेची इंजिने व डबे ठरावीक प्रमाणात लहान करून हाताने घडविण्याचा छंद व कारागिरी होय. या बांधणीच्या दोन मुख्य पद्धती आहेत. कच्च्या मालापासून, म्हणजे लाकडाच्या पट्ट्या, प्लॅस्टिकचे किंवा पितळेचे पत्रे आणि तार यांपासून संपूर्ण प्रतिकृती तयार करणे, या पद्धतीस 'स्क्रॅचबिल्डिंग' म्हणतात. बाजारात मिळणारी तयार प्रतिकृती किंवा जोडसंच कापून, बदलून व नवे भाग लावून वेगळी प्रतिकृती तयार करणे, या पद्धतीस 'किटबॅशिंग' म्हणतात. प्रत्यक्षात बहुतेक प्रतिकृतींमध्ये दोन्ही पद्धतींचा कमी-अधिक वापर झालेला असतो.

पार्श्वभूमी

जगातील अनेक देशांत प्रमाण मानले गेलेले १,४३५ मिलिमीटरचे गेज वापरणाऱ्या मोठ्या रेल्वेकंपन्यांची इंजिने व डबे शेकड्यांनी, एकाच आराखड्यानुसार तयार होत. त्यामुळे त्यांच्या तयार प्रतिकृतींना बाजारात मागणी असते. नॅरोगेज मार्ग मात्र डोंगराळ प्रदेश, खाणी, जंगले, ऊसमळे किंवा लहान बाजारगावे यांच्यासाठी कमी भांडवलात बांधले गेले. एखाद्या मार्गावर एका प्रकारची दोन-चारच इंजिने असत आणि तीही दुरुस्तीच्या प्रत्येक खेपेस थोडी बदलत. अशा गाड्यांच्या प्रतिकृती कारखान्यात काढणे उत्पादकास परवडत नाही. त्यामुळे या शाखेत स्वबांधणीस पर्याय थोडेच उरतात.

मूळ गाड्याही पुष्कळदा रूपांतरितच होत्या. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात तीन फुटी गेजचे मोठे जाळे असलेल्या डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न कंपनीने १९२८ ते १९३० या काळात प्रमाण गेजच्या जुन्या इंजिनांचे बॉयलर वापरून 'के-३७' वर्गाची दहा नॅरोगेज इंजिने तयार केली. त्याच राज्यातील रिओ ग्रँड सदर्न कंपनीचे उत्पन्न घटल्यावर वाफेची गाडी चालविणे परवडेनासे झाले. तेव्हा तिने १९३१पासून रिजवे येथील आपल्या कारखान्यात जुन्या मोटारगाड्यांचे सांगाडे व एंजिने वापरून रुळांवर धावणाऱ्या मोटारी बनविल्या. 'गॅलपिंग गूज' या नावाने त्या प्रसिद्ध आहेत. नॅरोगेज प्रतिकृतिकार तयार भाग कापून नवी गाडी उभी करतो, तेव्हा तो या कारखान्यांचीच रीत अनुसरत असतो.

प्रमाण आणि गेज

रेल्वे प्रतिकृतींमध्ये 'प्रमाण' व 'गेज' या दोन वेगळ्या संकल्पना आहेत. मूळ वस्तू किती पटींनी लहान केली हे प्रमाण सांगते, तर दोन रुळांच्या आतील कडांमधील अंतर म्हणजे गेज. नॅरोगेज प्रतिकृतींसाठी पुष्कळदा लहान प्रमाणाचे तयार रूळ मोठ्या प्रमाणाच्या गाड्यांखाली वापरतात. त्यामुळे रूळ, चाके व मोटारीसह चालनयंत्रणा स्वस्तात मिळते, परंतु गेज नेमके जुळतेच असे नाही. रुळांच्या अंतरास प्रमाणाच्या आकड्याने गुणले असता हा फरक कळतो. काही प्रचलित जोड्या पुढीलप्रमाणे आहेत :

• एचओएन३ : प्रमाण १:८७, गेज १०.५ मिमी. तीन फुटी, म्हणजे ९१४ मिमी गेजशी नेमके जुळते.
• एचओएन३० : प्रमाण १:८७, गेज ९ मिमी. गुणाकार ७८३ मिमी येतो, म्हणजे अडीच फुटी (७६२ मिमी) गेजच्या जवळपास.
• ओओ९ : ब्रिटनमध्ये प्रचलित. प्रमाण १:७६.२, गेज ९ मिमी. गुणाकार सुमारे ६८६ मिमी येतो, म्हणजे दोन फुटी व अडीच फुटी गेजच्या मधोमध.
• ओएन३० : प्रमाण १:४८, गेज १६.५ मिमी. गुणाकार ७९२ मिमी येतो. अडीच फुटी गेजच्या तुलनेत फरक सुमारे चार टक्के.
• एसएम३२ : प्रमाण १:१९, गेज ३२ मिमी. गुणाकार ६०८ मिमी येतो, म्हणजे दोन फुटी (६१० मिमी) गेजशी जवळजवळ जुळते. बागेतील रेल्वेसाठी व प्रत्यक्ष वाफेवर चालणाऱ्या प्रतिकृतींसाठी वापर.
• एफएन३ : प्रमाण १:२०.३, गेज ४५ मिमी. तीन फुटी गेजशी नेमके जुळते.

अमेरिकी नावांतील 'एन' हे अक्षर नॅरोगेज दर्शविते. त्यापुढील आकडा मूळ गेज फुटांत किंवा इंचांत सांगतो.

इतिहास

ब्रिटनमध्ये एडिनबरो येथील पी. डी. हॅनकॉक यांचा 'क्रेग अँड मर्टनफर्ड' हा काल्पनिक मार्ग दुसऱ्या महायुद्धानंतरच्या नॅरोगेज प्रतिकृतींचा अग्रदूत मानला जातो. १९६०च्या दशकात जर्मनीतील एगरबान या उत्पादकाने ९ मिमी रुळांवरील लहान गाड्या बाजारात आणल्या. त्यांची यंत्रणा अनेकांनी स्वतः बांधलेल्या इंजिनांखाली वापरली. १९६८मध्ये न्यूरेंबर्गच्या लेमान कंपनीने 'एलजीबी' ही ४५ मिमी गेजची मालिका सुरू केली. ब्रिटनमधील '००९ सोसायटी' १९७३मध्ये स्थापन झाली.

अमेरिकेत युद्धोत्तर काळात जपानमध्ये हाताने बनविलेल्या पितळी प्रतिकृती आयात होऊ लागल्या, पण त्या महाग होत्या. १९७५मध्ये बॉब ब्राउन यांनी सुरू केलेल्या 'नॅरोगेज अँड शॉर्ट लाइन गॅझेट' या नियतकालिकाने मूळ गाड्यांची मोजमापांसह रेखाचित्रे छापून स्वबांधणीस मोठे बळ दिले. १९९८मध्ये बाखमन कंपनीने ओएन३० प्रकारचे स्वस्त इंजिन बाजारात आणले, तेव्हापासून हा प्रकार झपाट्याने पसरला. त्याची यंत्रणा तशीच ठेवून वरचा भाग बदलणे ही रूपांतराची सर्वसामान्य रीत झाली आहे.

माहिती व रेखाचित्रे

बांधणीची सुरुवात मूळ गाडीच्या मोजमापांपासून होते. उत्पादकाची रेखाचित्रे व रेल्वेकंपनीच्या आकृतिपुस्तिका हे उत्तम साधन होय. ती नसल्यास शिल्लक राहिलेली गाडी प्रत्यक्ष मोजतात. गाडीही उरली नसेल तर छायाचित्रांवरून मापे काढतात. अशा वेळी छायाचित्रातील एखादे निश्चित माप, उदाहरणार्थ चाकाचा व्यास किंवा रुळांचे गेज, मोजपट्टीसारखे वापरले जाते. ज्ञात माप व काढावयाचे माप कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर असले पाहिजे, अन्यथा दूरचा भाग लहान दिसून माप चुकते. म्हणून काटकोनात, बाजूने घेतलेली छायाचित्रे अधिक उपयोगी ठरतात.

डब्यांची बांधणी

नवशिक्यास बहुधा मालडब्यापासून सुरुवात करण्याचा सल्ला दिला जातो, कारण त्यात मोटार नसते आणि आकार चौकोनी असतो. कोलोरॅडोमध्ये १९०४ सालच्या तीस फुटी बंदिस्त मालडब्यांचा नमुना प्रतिकृतिकारांत विशेष लोकप्रिय आहे. हा डबा १:४८ प्रमाणात १९०.५ मिमी आणि १:८७ प्रमाणात सुमारे १०५ मिमी लांब होतो.

प्रथम तळाचा सांगाडा काटकोनात जुळवितात. त्यासाठी गुण्या व सपाट काचेचा तुकडा पुरेसा होतो. भिंतींसाठी लाकडाच्या पट्ट्या एकेक करून चिकटवितात किंवा स्टायरीन प्लॅस्टिकच्या पत्र्यावर फळ्यांच्या रेघा कोरतात. सहा इंची फळी १:४८ प्रमाणात सुमारे ३.२ मिमी रुंद येते. लाकडाचा पोत सूक्ष्म प्रमाणात जाड दिसतो, म्हणून १:८७ व त्याहून लहान प्रतिकृतींसाठी प्लॅस्टिक पसंत करतात. रिव्हेटचे उठाव पत्र्याच्या मागील बाजूने बोथट सुईने दाबून उमटवितात. हातदांडे पितळी तारेचे, तर छतावरील कापडाचा भास पातळ कागदाने साधतात.

चाके व कपलर सामान्यतः विकत घेतात. डबा फार हलका असेल तर वळणावर रुळांवरून घसरतो, म्हणून तळाशी शिसे किंवा लोखंडी तुकडे बसवितात. अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनच्या शिफारशीनुसार एचओएन३ डब्याचे वजन पाऊण औंस, अधिक लांबीच्या प्रत्येक इंचास तीन अष्टमांश औंस असावे. वरील १०५ मिमी डब्यास ते सुमारे ६५ ग्रॅम येते.

इंजिनांची बांधणी

वाफेच्या इंजिनाची प्रतिकृती या कारागिरीतील अवघड भाग समजला जातो. सांगाड्याच्या दोन्ही बाजू पितळी पट्ट्यांच्या असतात. त्या एकत्र डाखून धुऱ्यांची भोके एकदमच पाडतात आणि मग वेगळ्या करतात. जोडदांड्यांची भोकेही त्याच अंतरावर पाडावी लागतात, कारण दांडा व धुरा यांच्या अंतरांत फरक राहिल्यास चाके अडकतात. डाव्या व उजव्या बाजूच्या क्रँकपिनांमध्ये सर्व धुऱ्यांवर सारखाच, ९० अंशांचा कोन ठेवणेही आवश्यक असते. रुळांतून वीज घेणाऱ्या इंजिनात दोन बाजूंची चाके विद्युतदृष्ट्या विलग ठेवावी लागतात. बॉयलरसाठी पितळी नळी किंवा गुंडाळलेला पत्रा वापरतात.

प्रतिकृती प्रमाणबद्ध वेगाने धावत असता तिची चाके मूळ इंजिनाच्या चाकांइतकेच फेरे मिनिटाला घेतात. चाळीस इंच व्यासाच्या चाकांचे इंजिन ताशी २४ किलोमीटर वेगाने जात असेल तर चाके मिनिटाला सुमारे १२५ फेरे घेतात. मोटार मिनिटाला १०,००० फेरे घेणारी आणि गिअरचे गुणोत्तर ४०:१ असेल, तर पूर्ण वीजदाबावर चाके २५० फेरे घेतील आणि इंजिन ताशी सुमारे ४८ किलोमीटर इतक्या प्रमाणबद्ध वेगाने धावेल. डोंगरी मार्गासाठी हा वेग अधिक असल्याने नॅरोगेज प्रतिकृतींत अधिक घट देणारे गिअर बसवितात.

रूपांतराची तत्त्वे

लहान प्रमाणाच्या इंजिनावरून मोठ्या प्रमाणाचे नॅरोगेज इंजिन बनविताना यंत्रणा तीच राहते, पण माणसाच्या मापाशी निगडित प्रत्येक भाग बदलावा लागतो. चालककक्षाचा सहा फुटी दरवाजा १:८७ प्रमाणात २१ मिमी, तर १:४८ प्रमाणात सुमारे ३८ मिमी उंच असतो. पायऱ्या, हातदांडे, खिडक्या, घंटा व दिवा हे भाग जुन्याच प्रमाणाचे राहिले तर नवे इंजिन खेळण्यासारखे दिसते. म्हणून रूपांतराची सुरुवात बहुधा चालककक्षापासून होते. त्यानंतर धुरांडे, वाळूची पेटी व टेंडर बदलतात. शेवटी सर्व भागांवर एकच रंग देऊन जुन्या-नव्या सांध्यांची तपासणी करतात, कारण एकसंध रंगाखाली फट किंवा ओरखडा लगेच दिसतो. मग गंज, धूळ व काजळी यांच्या छटा देतात.

अलीकडे लेसरने कापलेले लाकूड, रसायनाने कोरलेले पितळ आणि त्रिमितीय मुद्रण यांचा वापर वाढला आहे. मुद्रित भागास स्वबांधणी म्हणावे काय, हा वादाचा विषय आहे. संगणकावरील आराखडा प्रतिकृतिकाराने स्वतः काढला असेल तर ते त्याचेच काम होय, असे एक मत आहे, तर हातकौशल्याला पर्याय नाही असे दुसरे.

मूल्यमापन

१९३५मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनच्या पद्धतीत प्रतिकृतीस १२५ पैकी गुण देतात. बांधणीस ४०, मूळ गाडीशी सुसंगतीस २५, रंग व अक्षरांकनास २५, बारकाव्यांस २० आणि स्वनिर्मितीस १५ गुण असतात. गुणवत्तापत्रासाठी ८७.५ गुण लागतात. डबेबांधणीच्या प्रमाणपत्रासाठी आठ डबे सादर करावे लागतात आणि त्यांपैकी किमान चार स्वबांधणीचे असावे लागतात. इंजिनबांधणीसाठी तीन इंजिने लागतात व त्यांपैकी किमान एक स्वबांधणीचे असावे लागते.

महाराष्ट्रातील संदर्भ

महाराष्ट्रात ७६२ मिमी गेजचे बार्शी लाइट रेल्वे, मुर्तिजापूरहून यवतमाळ व अचलपूरकडे जाणारे 'शकुंतला' या नावाने ओळखले जाणारे मार्ग व पाचोरा–जामनेर हे मार्ग, तसेच नागपूर परिसरातील जाळे होते. नेरळ–माथेरान मार्ग ६१० मिमी गेजचा असून १९०७मध्ये सुरू झाला. त्याच्या ऑरेन्स्टाइन अँड कोपेल बनावटीच्या वाफेच्या इंजिनांत तीव्र वळणांसाठी धुऱ्यांना बाजूस सरकू देणारी क्लिन-लिंडनर रचना होती. प्रतिकृतीतही धुऱ्यांना अशी मोकळीक ठेवावी लागते.

१८९७मध्ये सुरू झालेल्या बार्शी रेल्वेचे अभियंते एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी दाबून घडविलेल्या पोलादी सांगाड्यांचे, प्रत्येक धुऱ्यावर पाच टनांपर्यंत भार घेणारे बोगी डबे योजिले. पुढे १९०४मध्ये सुरू झालेल्या इंग्लंडमधील लीक अँड मॅनिफोल्ड मार्गाचेही ते अभियंता होते. त्यामुळे ब्रिटिश प्रतिकृतिकारांच्या आवडीच्या त्या मार्गाचा अभ्यास करणारा वाचक बार्शीपर्यंत येऊन पोहोचतो.

मूळ वस्तू मोजण्यासाठी नागपूरच्या मोतीबाग येथील नॅरोगेज रेल्वे संग्रहालय व नवी दिल्लीचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय उपयुक्त आहेत. पुण्यातील कोथरूड येथे १९९८मध्ये सुरू झालेले जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय रेल्वे प्रतिकृतींची ओळख करून देते.

दस्तऐवज म्हणून मूल्य

रिओ ग्रँड सदर्न मार्ग १९५१मध्ये बंद होऊन रूळ उखडले गेले. बार्शी मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाले. मार्ग बंद झाल्यावर इंजिनांपैकी काही संग्रहालयात किंवा स्थानकासमोरील चौथऱ्यावर जातात, परंतु लाकडी मालडबे, गार्डचे डबे व ट्रॉल्या मोडीत निघतात. त्यांची रेखाचित्रेही कार्यालये बंद होताना नाहीशी होतात. अशा वेळी कोणी मोजून केलेली प्रतिकृती हा त्या वस्तूचा उरलेला त्रिमितीय पुरावा ठरू शकतो.

पुरावा म्हणून प्रतिकृतीचे मोल तिच्या देखणेपणापेक्षा तिच्यासोबतच्या नोंदींवर अवलंबून असते. कोणते माप प्रत्यक्ष घेतले, कोणते छायाचित्रावरून काढले आणि कोणता भाग केवळ अंदाजाने बसविला, हे लिहून ठेवले नाही तर पुढील अभ्यासक अंदाजालाच वस्तुस्थिती समजतो. म्हणून अनुभवी प्रतिकृतिकार प्रतिकृतीबरोबर मोजमापांची वही व छायाचित्रे जपतात. काल्पनिक मार्गासाठी केलेल्या प्रतिकृतीस हे बंधन नसते, मात्र ती काल्पनिक असल्याचे स्पष्ट नमूद करणे आवश्यक मानले जाते.

हेही पहा

• नॅरोगेज रेल्वे
• माथेरान डोंगरी रेल्वे
• बार्शी लाइट रेल्वे
• रेल्वे गेज