सालोरांचा गुल

जुना तुर्कमेन गालिचा हाती आला की जाणकार आधी तो उलटा करतात. विणणारी कोणत्या टोळीची, हे पाठीवरून कळतं. योमुत बायकांची गाठ बहुधा दोन्ही ताण्यांना सारखा वेढा घालते. तेके आणि सालोर बायकांची एका ताण्याला पुरता वळसा घालून दुसऱ्यामागून निघते. सुलट बाजूला मंजिष्ठेच्या गडद लालीवर ओळीने मांडलेल्या अष्टकोनी आकृत्या असतात. त्यांना गुल म्हणतात. जमिनीवर आडवा माग, चार खुंट्या, कागदावर नक्षी नाही. आईच्या हाताकडे बघून मुलगी शिकायची.

गुल आले कुठून? अकराव्या शतकात कोशकार महमूद काशगरीने तुर्कमेनांच्या पूर्वज ओघुज टोळ्यांची यादी दिली, तीही गुरांवर डागायच्या खुणांसकट. सालोर त्यात आहेत. त्या डागांचेच गुल झाले असं सांगतात, पण मला ते पटत नाही. डाग दोन-चार रेघांचे, आणि गुलाची घडण किती गुंतागुंतीची! चिनी रेशमावरच्या कमळांशी त्याचं नातं असावं, हा काही अभ्यासकांचा तर्क मला जवळचा वाटतो.

सालोरांचा गुल सगळ्यांत देखणा. अष्टकोनाच्या कडेने बुरुजांसारखी टोकं, आणि लोकरीत मधूनच किरमिजी रेशमाच्या गाठी. 1830च्या दशकाच्या आरंभी इराणच्या युवराज अब्बास मिर्झाने सालोरांचं ठाणं सरख्स घेतलं आणि सालोरांचा कणा मोडला. पुढे तोच गुल तेके आणि सारिक बायकांच्या पिशव्यांवर दिसू लागला. सोव्हिएत संशोधक वालेंतिना मोश्कोवा यांनी अर्थ लावला की हरलेल्या टोळीचा गुल मोठ्या गालिच्यावरून उतरतो आणि किरकोळ वस्तूंवर उरतो. नंतरच्या अभ्यासकांनी यावर शंका घेतली. मला वाटतं, जय-पराजयापेक्षा विणणारीच्या आवडीला जास्त मान द्यायला हवा. चांगला नमुना दिसला की कसबी हात तो उचलणारच.

1881 मध्ये तेकेंचा किल्ला ग्योकदेपे रशियाने जिंकला, मागोमाग रेल्वे आली, रासायनिक रंग आले. तेके, सारिक, एरसारी, सगळ्यांचा माल बाजारात ‘बुखारा’ म्हणून खपू लागला.

1992 मध्ये तुर्कमेनिस्तानने आपल्या ध्वजावर पाच गुल घेतले: तेके, योमुत, सारिक, चोवदुर आणि एरसारी. सालोरांचा त्यात नाही.