देवीचा रोग आणि देवीची भक्ती

उल्हास नदीच्या खाडीलगतचे कोपर आज दोन पातळ्यांवरच्या रेल्वेस्थानकामुळे ओळखले जात असले, तरी या परिसराची जुनी ओळख भातशेती, मिठागरे आणि मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी-कोळी गावांची आहे. या गावांच्या धर्मजीवनाचे केंद्र गावदेवी, म्हणजे गावाची वेस राखणारी ग्रामदेवता, ही होती; तिची पूजा दैवी शिक्षेच्या भयातून उपजली काय, या प्रश्नाचे उत्तर एका रोगाच्या इतिहासात सापडते.

मराठीत ‘देवी’ हे देवतेचे नाव, तसेच अंगावर फोड उठवून जीव घेणाऱ्या किंवा डोळे नेणाऱ्या रोगाचेही. रोग जडला की घरात देवी आली असे म्हणत, रोग्याजवळ कडुलिंबाचा पाला ठेवत, स्वयंपाकात फोडणी वर्ज्य करीत आणि नवस, म्हणजे इच्छा फळल्यास अमुक अर्पण करण्याचे वचन, बोलत. हा कोप शांतवण्याचा विधी होता. तरीही दाह देणाऱ्या या देवतेला लोकांनी शितळा, म्हणजे थंडावा देणारी, असेच नाव दिले, आणि त्या नावातच भयाच्या जोडीने मायेची याचनाही होती.

पुढे या रोगावर लस आली: 14 जून 1802 रोजी मुंबईत तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉल या मुलीला भारतातील पहिली यशस्वी लस टोचली गेली, 1962 मध्ये राष्ट्रीय निर्मूलन मोहीम सुरू झाली, नंतर रोगी कळवणाऱ्यास हजार रुपयांचे बक्षीस जाहीर झाले, आणि 8 मे 1980 रोजी जागतिक आरोग्य परिषदेने हा रोग जगातून नाहीसा झाल्याचे घोषित केले.

भय हाच पूजेचा पाया असता, तर रोगाबरोबर देवीही विस्मरणात गेली असती. प्रत्यक्षात श्रावणातील शितळासप्तमी टिकली, गावदेवीच्या जत्रा भरत राहिल्या, आणि चैत्रात कार्ल्याच्या एकवीरा देवीकडे आगरी-कोळ्यांच्या पालख्या आजही जातात. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या वारकरी संतांनी तर शिक्षा करणाऱ्या देवाऐवजी भक्ताची वाट पाहणारा देव शतकांपूर्वीच लोकांपुढे उभा केला होता. भयाने माणसे देवळापर्यंत आली असतील. पण भयाचे कारण संपल्यावरही ती तेथे येत राहिली, ती आपलेपणामुळे, आणि पूजेचा खरा आधार तोच आहे.